नकाशावरचा लाल रंग दोन किलोमीटर सरकला, म्हणजे झालं तरी काय?

तळजईवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचा एक कट्टा आहे. दोन चकरा झाल्या की सगळे एका बाकाभोवती जमतात. पाणीकपात, गुडघे आणि परदेशातली नातवंडं हे विषय आटोपले की युद्धाला सुरुवात होते. परवा बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मोबाइलवर युक्रेनचा नकाशा काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि जाहीर केलं, "दोन किलोमीटर आत आले. संपलं आता यांचं." शेजारचे लगेच म्हणाले, "इतक्या वर्षांत अजून दोन-दोन किलोमीटरच चाललंय? मग रशियाच हरतोय की!"

दोन किलोमीटर तेच, निकाल मात्र दोन. बाकाच्या टोकाला डब्यातली मोडाची मटकी खात बसलेले सुभेदारकाका, ज्यांची अख्खी नोकरी फौजेच्या रसद खात्यात गेली, मान वर न करता म्हणाले, "किलोमीटर राहू दे. ट्रक कुठवर पोचतोय ते दाखव आधी."

काकांच्या त्या वाक्यात बराच अर्थ भरलेला आहे. तो सुटा करून सांगावा म्हणून हा लेख.

हा नकाशा काढतं कोण?

आपण मोबाइलवर बघतो ते नकाशे साधारण तीन ठिकाणांहून येतात. युक्रेनमधल्या मंडळींचा ‘डीपस्टेट’, वॉशिंग्टनमधल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर’ या संस्थेचा, आणि रशियाच्या बाजूने लिहिणाऱ्या ‘रायबर’सारख्यांचा. यातलं कुणीही रोज खंदकात जाऊन फूटपट्टी लावत नाही. बरंचसं काम व्हिडिओवरून चालतं. सैनिकाने किंवा ड्रोनने टिपलेल्या चित्रात मागे दिसणारी चिमणी, रस्त्याचं वळण, झाडांची रांग उपग्रहाच्या चित्राशी जुळवायची आणि जागा ठरवायची. याला जिओलोकेशन म्हणतात. मित्राच्या फोटोत मागे दिल्ली दरवाजा दिसला की तो शनिवारवाड्यापाशी उभा आहे हे आपल्याला न सांगता कळतं, तोच प्रकार. फरक इतकाच, की इथे दिल्ली दरवाजाऐवजी एखादं मोडकं झाड असतं.

व्हिडिओ बाहेर यायला कधी तास लागतात, कधी आठवडा. त्यामुळे नकाशा दाखवतो ते कालचं किंवा गेल्या आठवड्याचं असतं. शिवाय नकाशावर रेघ दिसते, जमिनीवर रेघ नसते. पावसाळ्यात फ्लॅटच्या भिंतीला ओल येते, ती नक्की कुठे संपते ते पेन्सिलीने आखून दाखवा बघू. दोन बाजूंमधला पट्टा तसाच असतो. एका तळघरात यांची दोन माणसं, पुढच्या गल्लीत त्यांची तीन, आणि वर दोघांचेही ड्रोन. नकाशा काढणारे याला करडा पट्टा म्हणतात आणि प्रामाणिकपणे करड्या रंगात दाखवतात. आपण मात्र रशियाचा लाल आणि युक्रेनचा निळाच बघतो.

झेंड्याच्या व्हिडिओंचंही तेच. दोन सैनिकांनी घराच्या गच्चीवर झेंडा धरला म्हणजे गाव घेतलं असं नाही. ते तिथवर पोचले, एवढंच त्यातून कळतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये रशियन सेनाप्रमुखांनी कुप्यान्स्क शहर घेतल्याचं पुतिन यांना सांगितलं. डिसेंबरमध्ये झेलेन्स्की त्याच शहराच्या वेशीवरच्या फलकापाशी उभे राहून व्हिडिओत बोलत होते.

आकड्यांना आधी आपल्या मापात आणू

युक्रेनचं क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दोन महाराष्ट्र. लढाईची आघाडी सुमारे हजार किलोमीटर लांब. पुण्याहून नागपूरला जाऊन निम्म्या वाटेपर्यंत परत यावं, एवढी. आता २०२४ हे अख्खं वर्ष घ्या. त्या वर्षी रशियाने साधारण ४ हजार चौरस किलोमीटर जमीन घेतली. पुणे जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. युक्रेनच्या हिशेबात एक टक्काही नाही.

यावर कुणीतरी लगेच गुणाकार करतं, "या वेगाने उरलेला देश घ्यायला शंभर वर्षं लागतील!" गणित बरोबर आहे, पण युद्ध असं सरळ रेषेत चालत नाही. उड्डाणपुलाचे खांब उभे राहताना आपण वर्षानुवर्षं बघतो. काम नव्वद टक्के झालं तरी आपली गाडी खालच्या कोंडीतच असते, आणि एके दिवशी पूल उघडला की सगळी वाहतूक बदलते. सैन्यही तसंच. बराच काळ हललेलं दिसत नाही आणि मग एकदम मोडतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९१८ चं. त्या वर्षी मार्चपासून जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर इतकी मुसंडी मारली, जितकी १९१४ नंतर कुणालाच जमली नव्हती. त्या उन्हाळ्यात कुणाकडे मोबाइल असता तर नकाशा बघून "जर्मनी जिंकला" असंच म्हटलं असतं. नोव्हेंबरात जर्मनीने शस्त्रं खाली ठेवली. तेव्हाही त्यांचं सैन्य बेल्जियमच्या जमिनीवर उभं होतं. पुढे गेलेल्या तुकड्या थकल्या होत्या, राखीव फौज म्हणजे ऐनवेळी घालायला मागे ठेवलेली माणसं संपली होती, आणि घरी लोक अर्धपोटी होते. यातलं काहीच नकाशावर दिसत नव्हतं.

गाव घेतलं म्हणजे नेमकं काय हाती आलं?

हे आपल्याला युरोपातून शिकायची गरज नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने कुंजपुरा जिंकला. किल्ला हाती आला, धान्य मिळालं, छावणीत उत्साह संचारला. नकाशा असता तर कुंजपुऱ्यावर झळकता भगवा दिसला असता. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि भाऊंची फौज व दिल्ली यांच्या मधे बसला. पुढचे दोन-अडीच महिने पानिपतच्या छावणीत काय झालं ते आपण शाळेतच शिकलो. रसद तुटली. दुआबातून धान्य आणि पैसा पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी राहण्यापेक्षा लढलेलं बरं म्हणून.

उलट बाजूचं उदाहरणही आपलंच आहे. औरंगजेब १६८१-८२ च्या सुमारास दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही. एकेक किल्ला घेत गेला. १७०३ मध्ये सिंहगड घेतला, नाव ठेवलं बक्षिंदाबक्ष. १७०४ मध्ये तोरणा घेतला, त्याचं केलं फुतुहुल्गैब. बरेचसे किल्ले लढण्यापेक्षा पैसे मोजून मिळवलेले. नकाशा हिरवा होत चालला होता, आणि खजिना व माणसं आटत चालली होती. बादशहा पुढच्या किल्ल्याकडे सरकला की मागचा थोड्याच काळात पुन्हा मराठ्यांकडे. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला. आज रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्या कुणाला गडाचं ते नवं नाव आठवत नाही.

म्हणून एखादं गाव पडल्याची बातमी आली की तीन गोष्टी बघाव्यात. त्या गावातून रस्ता किंवा रेल्वे जाते का? ते घ्यायला काय खर्च झालं? आणि ते हातात ठेवायला रोज काय लागणार? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत रंगाला फार अर्थ नाही.

रसद: कंटाळवाणा पण निर्णायक विषय

सैन्याला लागणारं अन्न, इंधन, दारूगोळा, औषधं आणि सुटे भाग पोचवणं म्हणजे रसद. सुभेदारकाका म्हणतात, "सिनेमात आमचं खातं कधी दिसत नाही, कारण आम्ही दिसायला लागलो की समजायचं, गडबड आहे."

पालखी डोळ्यासमोर आणा. दिंडी टाळ वाजवत दिवे घाट चढते, फोटो तिचाच येतो. पण दिंडीचा ट्रक तंबू, शिधा आणि भांडी घेऊन वेळेत सासवडला पोचला नाही, टँकर घाटात अडकला, तर संध्याकाळी शेकडो माणसं उघड्यावर आणि उपाशी. वारकऱ्याला निदान गावकरी जेवू घालतात. शत्रूच्या मुलखात शिरलेल्या सैनिकाला कोण घालणार?

तोफगोळ्यांचाच हिशेब करू. १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचं वजन साधारण ४५ किलो, जवळपास एक तांदळाचं पोतं. दिवसाला पाच हजार गोळे उडवायचे तर सव्वादोनशे टन. दहा टनी ट्रक धरला तर रोज बावीस-तेवीस खेपा, फक्त गोळ्यांच्या. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे पुणेकराला गोळा कुठेतरी कारखान्यात तयार व्हावा लागतो हे सांगायला नको. युरोपला मात्र ते उशिरा उमगलं. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळ्यांचा वायदा केला. वर्ष संपलं तेव्हा दिले गेले होते त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्याच काळात अमेरिकेची मोठी मदत संसदेत अडकली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व युक्रेनमधलं अवदिव्का शहर रशियाच्या हाती पडलं तेव्हा युक्रेनचे तोफची गोळे मोजून वापरत होते. नकाशावर दिसलं फक्त अवदिव्का.

आता फेब्रुवारी-मार्च २०२२ कडे बघू. रशियन वाहनांचा तो सुमारे ६४ किलोमीटरचा ताफा कीवच्या उत्तरेला रस्त्यावर दिवसेंदिवस उभा होता. तेव्हा अनेकांना वाटलं, हा अजगर आता राजधानी गिळणार. प्रत्यक्षात तो अडकलेला होता. रशियन सैन्याची रसद मुख्यतः रेल्वेवर चालते, आणि रेल्वेपासून दूर गेलं की ट्रक कमी पडतात. त्यात पूल उडवलेले. देमिदिव गावाजवळ धरणाचं पाणी सोडून इरपिन नदीचं खोरं बुडवलेलं. आणि वितळत्या बर्फाचा चिखल. युक्रेनची जमीन काळी, सुपीक. आपली रेगूर आणि तिथली काळी माती एक नव्हे, पण पावसाळ्यात शेतात रुतलेला ट्रॅक्टर ज्याने ओढून काढलाय त्याला जास्त समजवावं लागणार नाही. शेतातून जाता येईना, म्हणून सगळे डांबरी रस्त्यावर. सगळे एका रस्त्यावर, म्हणून पहिला थांबला की मागचे सगळे थांबले.

आणि खेरसोन. माझ्या मते या युद्धातलं नीट अभ्यासावं असं प्रकरण हेच. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाची मोठी फौज निप्रो नदीच्या पश्चिम तीरावर खेरसोन शहरात होती, आणि तिची रसद येत होती पूर्वेकडून मोजक्या पुलांवरून. जुलैपासून युक्रेनने अमेरिकेकडून मिळालेल्या हायमार्स या लांब पल्ल्याच्या रॉकेटांनी अंतोनिव्का पुलाला भोकं पाडायला सुरुवात केली. पूल पाडला नाही, गाळणी केली. मग रशियाने तराफे लावले, तर तराफ्यांवर मारा. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. खेरसोनच्या बाजूला नकाशा फारसा हलेना. "कुठे आहे तुमचा प्रतिहल्ला?" म्हणून टिंगल चालू. ९ नोव्हेंबरला रशियाने माघार जाहीर केली आणि ११ तारखेला युक्रेनचे सैनिक शहराच्या चौकात लोकांच्या गळ्यात पडत होते. शहर नोव्हेंबरात मिळालं, पण ते जिंकलं गेलं जुलैपासून. अर्थात रशियाची फौज नदीपार सहीसलामत निसटली, हेही तितकंच खरं. ती पुढे दुसऱ्या आघाड्यांवर भेटलीच.

झीज: तुळशीबागेतली चढाओढ

समोरच्याची जमीन घेण्यापेक्षा त्याची माणसं, तोफा आणि पैसा संपवण्यावर भर दिला की त्याला झिजवण्याचं युद्ध म्हणतात. तुळशीबागेत शेजारी-शेजारी दोन दुकानदार भाव पाडायला लागले, की दोघेही तोट्यात जातात. गर्दी कुणाच्या दुकानात आहे यावरून कळत नाही की कोण आधी शटर ओढणार. त्यासाठी आतल्या गल्ल्यात किती उरलंय आणि उधारी कोण देतंय हे माहीत असावं लागतं.

बाखमुत हे युद्धाआधी सत्तर हजार वस्तीचं शहर. वॅगनर या खासगी फौजेचा म्होरक्या प्रिगोझिन याने २० मे २०२३ ला ते जिंकल्याचं सांगितलं. त्यासाठी वॅगनरची वीस हजार माणसं गेली आणि त्यातले निम्मे तुरुंगातून आणलेले कैदी होते, हेही त्याने स्वतःच सांगितलं. महिनाभरात त्याने बंड करून मॉस्कोचा रस्ता धरला. मग बाखमुत जिंकलं कुणी? रशियाला शहराचा ढिगारा मिळाला. पण युक्रेननेही तिथे कसलेले सैनिक घातले, आणि समोरून येणारे बरेचसे कैदी होते. एका कैद्याच्या बदल्यात एक अनुभवी नायक गेला तर झीज कुणाची झाली? शहर धरून ठेवावं की मागच्या टेकड्यांवर यावं, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. शेवटचे काही आठवडे युक्रेनने हट्टापायी घालवले असं मला वाटतं. उलट मत असणारेही अभ्यासू आहेत.

झिजवण्याच्या युद्धात आकार महत्त्वाचा ठरतो, हे मान्य करायला हवं. रशियाची लोकसंख्या युक्रेनच्या तिपटीहून जास्त. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनला सक्तीच्या भरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आणावं लागलं. आघाडीवरच्या तुकड्या अर्ध्या-मुर्ध्या भरलेल्या असतील, तर रेघ न हलताही परिस्थिती बिघडत असते.

"रणगाडे घेऊन सरळ घुसत का नाहीत?"

कट्ट्यावरचा आवडता प्रश्न. २०२३ च्या जूनमध्ये युक्रेनने तेच करून पाहिलं. जर्मन लेपर्ड रणगाडे, अमेरिकेच्या ब्रॅडली गाड्या, नव्याने उभ्या केलेल्या तुकड्या. दक्षिणेला तोकमाकमार्गे अझोव्ह समुद्राकडे जायचं आणि रशियाचा क्रिमियाकडे जाणारा जमिनीचा पट्टा तोडायचा, असा बेत. समोर रशियाने महिनोन् महिने राबून सुरुंगांची शेतं, रणगाडे अडवणारे चर आणि खंदकांच्या ओळी तयार ठेवल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात काही लेपर्ड आणि ब्रॅडली सुरुंगांत अडकून एकमेकांना खेटून उभे राहिले. तो फोटो जगभर फिरला. पाच महिन्यांनी युक्रेनचे तेव्हाचे सेनापती झालुझ्नी यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं, की आपण १७ किलोमीटर पुढे गेलो आणि लढाई कोंडीत अडकली आहे. तीन महिन्यांनी त्यांचं पद गेलं.

यावर अमेरिकी अधिकारी खासगीत म्हणत होते, की युक्रेनने ताकद तीन दिशांना वाटली, एकाच जागी घाव घालायला हवा होता. युक्रेनचं उत्तर: तुमच्यापैकी कुणी आकाशावर ताबा नसताना असा हल्ला केलाय का कधी? दोन्ही म्हणण्यांत दम आहे. नव्या तुकड्यांना काही आठवड्यांचं शिक्षण मिळालं होतं. तोफखाना, सुरुंग काढणारे, रणगाडे आणि पायदळ यांनी एका ठेक्यात काम करणं ही ढोलताशा पथकासारखी गोष्ट आहे. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव का चालतो, ते विचारा कुणालाही. आठ दिवसांत ढोल खांद्याला बांधता येतो, पण ठेका बसत नाही.

त्यानंतर ड्रोनने सगळंच आणखी अवघड केलं. मोबाइलपेक्षा फार महाग नसलेलं, पंख्यांचं यंत्र, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, पोटाला स्फोटक. आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस किलोमीटरपर्यंत जे हलेल ते दिसतं आणि दिसेल ते मारता येतं. रेडिओ जाम केला तर ड्रोन मागे बारीक ऑप्टिकल तार सोडत येतो. म्हणून आता रणगाड्यांचे जथे दिसत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन माणसं झाडांच्या ओळीतून सरपटत जातात, कधी मोटरसायकलवर. ट्रक शेवटच्या टप्प्यात जातच नाही, पाणी आणि गोळ्या चाकांच्या छोट्या यंत्रांवरून किंवा पाठीवरून जातात. सुभेदारकाकांचा प्रश्न आठवतोय ना?

"कीव ही नुसती हुलकावणी होती"

रशियाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की कीव घ्यायचंच नव्हतं, युक्रेनचं सैन्य तिथे अडकवून पूर्वेकडे डॉनबास घ्यायचं होतं. मार्च २०२२ च्या शेवटी मॉस्कोने "पहिला टप्पा पूर्ण, आता डॉनबास" असं म्हटलं, तिथून हा मुद्दा निघतो. मला तो पटत नाही. २४ फेब्रुवारीला, म्हणजे पहिल्याच दिवशी, रशियाने आपले निवडक हवाई सैनिक हेलिकॉप्टरने कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर उतरवले. धावपट्टी हाती आली की मोठी विमानं भरून फौज आणायची, हा उघड हेतू. युक्रेनने प्रतिहल्ला केला, तोफा डागल्या, आणि ती विमानं आलीच नाहीत. हुलकावणीत कुणी आपला हुकमाचा एक्का असा जाळत नाही. बेत फसला की ‘तसं करायचंच नव्हतं’ म्हणणं ही सगळ्या सैन्यांची आणि सगळ्या क्रिकेट कप्तानांची जुनी सवय.

युक्रेनलाही हेच माप लावू. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी अचानक सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात हजारभर चौरस किलोमीटर जागा घेतली. जगाने वाहवा केली. रशियाला तिथे उत्तर कोरियाचे सैनिक आणावे लागले. पण पूर्व युक्रेनमधल्या पोक्रोव्स्क शहराकडचा रशियाचा रेटा काही थांबला नाही, आणि मार्च २०२५ पर्यंत कुर्स्कमधली जवळजवळ सगळी जागा गेली. चांगल्या तुकड्या तिथे खर्ची पडल्या. धाडस म्हणून फार मोठं. हिशेब म्हणून, निदान मला तरी, तोट्याचं वाटतं.

"गनिमी कावा का करत नाहीत?"

मराठी माणूस हे विचारणारच. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी तेच केलं. कीवच्या उत्तरेच्या जंगलांतून छोट्या टोळ्या, खांद्यावरून डागायची जॅव्हेलिन क्षेपणास्त्रं, रांगेतला पहिला आणि शेवटचा रणगाडा उडवायचा, पसार व्हायचं. पण गनिमी काव्याला लपायला सह्याद्री लागतो. युक्रेनचा पूर्व आणि दक्षिण भाग म्हणजे सूर्यफुलाची सपाट शेतं आणि मधे एकेक झाडांची ओळ. आणि वरून बघणारा डोळा आता चोवीस तास असतो. समुद्रात मात्र त्यांनी तो कावा टिकवला. स्वतःकडे मोठी युद्धनौका नसताना एप्रिल २०२२ मध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ ही युद्धनौका बुडवली, मग बिनमाणसाच्या बोटींनी काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराला इतकं सतावलं, की ओडेसातून धान्याची जहाजं पुन्हा निघू लागली. गंमत अशी, की समुद्रावर कुणी लाल-निळा रंग भरत नाही. त्यामुळे युक्रेनचं बहुधा सगळ्यात मोठं यश बँकवाल्या काकांच्या नकाशात दिसतच नाही.

मेलेल्यांचे आकडे कुणाचे खरे?

लढणारा कुठलाही देश आपले मेलेले कमी आणि समोरचे जास्त सांगतो. झेलेन्स्की यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपले ४३ हजार सैनिक गेल्याचं सांगितलं. स्वतंत्र अभ्यासकांना तो आकडा कमी वाटतो. रशियन सरकार तर बोलतच नाही. तिथे मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा मिळून श्रद्धांजलीच्या जाहिराती, गावोगावच्या बातम्या आणि दफनभूमीतल्या पाट्या यांवरून एकेक नाव लिहून ठेवतात. २०२५ मध्ये त्या यादीने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ही नावानिशी मोजलेली माणसं, म्हणजे खरा आकडा याच्या वरच. नष्ट झालेल्या रणगाड्यांसाठी ‘ओरिक्स’ नावाचा गट असंच करतो. फोटो असेल तरच नोंद. अशा कंजूष हिशेबावर मी जास्त विश्वास ठेवतो.

आकडा मिळत नाही म्हणून अस्वस्थ होणारे आपण पहिले नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती एका सावकाराच्या पत्रातून. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. पेढीच्या भाषेत लिहिलेलं. विश्वासराव आणि भाऊ ही मोत्ये. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे नांगर सोडून, घोडी घेऊन गेलेली हजारो माणसं, ज्यांची घरं मावळात, देशावर, खानदेशात वाट बघत होती. त्या पत्राला नकाशा जोडलेला नव्हता, पण त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर प्राण सोडणाऱ्या नानासाहेबांना एवढं पुरलं.

"तज्ज्ञ इतके चुकले, मग ऐकायचं कशाला?"

चुकले खरे. २०२२ च्या फेब्रुवारीत कीव तीन दिवसांत पडेल असं बरेच जण सांगत होते. त्यांनी रणगाडे मोजले. कुणाच्या टायरची देखभाल झालीय, कुणाच्या हवालदाराला स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यायची मुभा आहे, आणि कोण आपल्या घरासाठी लढतोय, हे मोजणं कठीण असतं. वर्षभराने तेच लोक उलट बाजूला झुकले आणि युक्रेन उन्हाळ्यात समुद्र गाठेल म्हणाले. ऐकावं ते अशांचं, जे ‘या महिन्यात हे-हे दिसलं तर माझं मत बदलेल’ असं आधीच सांगून ठेवतात. फारच थोडे सांगतात. टीव्हीवर तर जवळजवळ कुणीच नाही.

दुरून लढाई बघण्याचा मोह आपल्या गावाला जुना आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई चालू असताना दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून बघत होता. तळजईवरून पर्वती अगदी समोर. परवा मी हे सांगितलं तेव्हा सगळे तिकडे बघत थोडा वेळ गप्प बसले. मग शेजारच्यांनी बाजीरावावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली, आणि ते बराच वेळ चाललं.

बँकवाले काका त्यात नव्हते. चष्मा कपाळावर ढकलून ते मोबाइल नाकाशी धरून बसले होते. जरा वेळाने त्यांनी तो सुभेदारकाकांपुढे केला आणि एका बारीक काळ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही रेल्वे म्हणायची का हो?"

सुभेदारकाकांनी डबा बंद केला, हात पुसले आणि सरकून त्यांना जागा दिली.